खालून दुसरा खण

नर्स मंगळवारी येते.
उरलेले चार दिवस मी,
ऑफिसातली ओफेलिया बारागान :
हजेरी, उशिराच्या चिठ्ठ्या,
कुणीच न्यायला न येणारी जॅकेटं,
पडलेले दुधाचे दात पाकिटात घालून घरी पाठवणं,
आणि खालून दुसरा खण.

खणात सतरा पिशव्या. प्रत्येकीत
निळा पंप, पांढरं नळकांडं, डॉक्टरांचा घडी घातलेला कागद.
वर मार्करनं नाव, वर्ग, आईचा नंबर.
खजुराच्या बागांत कामाला जाणाऱ्या आयांचे नंबर
दर हंगामाला बदलतात;
मी खोडते, पुन्हा लिहिते.

इथलं सरोवर आटत चाललंय.
पूर्वी लोक होड्या घेऊन यायचे म्हणे.
आता तळ उघडा पडलाय, आणि वारा सुटला
की तो तळच उठून गावात येतो,
खिडकीच्या फटीतून, फळ्यावर, डब्यात,
आठ वर्षांच्या छातीत.
सकाळी सहावीतली दोन मुलं हवेचा झेंडा चढवतात.
हिरवा असला तर मैदान,
तांबडा असला तर जेवणाच्या हॉलमध्ये पत्ते.
तांबडा सगळ्यांना कळतो.
नारिंगी दिवशी मात्र जो तो आपापल्या मनानं.

अमादेओ नारिंगी दिवशीच आला.
मैदानातून नाही, संगीताच्या तासातून,
हातात बासरी तशीच.
बाई म्हणाल्या होत्या, जरा दम धर, एवढी ओळ होऊ दे.
धरायला दमच तर नव्हता त्याच्याकडे.
मला वाटायचं दमा ऐकू येतो,
शिट्टी वाजते, घरघर होते.
त्या दिवशी कळलं, फार वाढला की तो मुका होतो.
खांदे कानांपर्यंत. गळ्याखालचा खळगा
आत, आत, आत.

आणि खणाला कुलूप.
औषध म्हटलं की कुलूप, असा नियम;
किल्ली मुख्याध्यापकांच्या जुडग्यात,
मुख्याध्यापक मीटिंगला, चाळीस मैलांवर.
विषय : पार्किंगच्या नव्या रेघा.

मी कागदांना भोकं पाडायचं यंत्र उचललं,
जुनं, लोखंडी, तीन भोकांचं.
ग्रंथालयातल्या हिल्डाला ओरडले, अँब्युलन्स बोलाव,
आणि तिसऱ्या घावाला खण उघडला.
पंप हलव. नळकांड्याला लाव. एक दाब, सहा श्वास.
पुन्हा हलव. एक दाब,
त्याचे मोजताना माझा मी कधी घेतला, आठवत नाही.
चौथ्या दाबानंतर तो खोकला.
देवा, काय गोड खोकला.

मग तुटक्या लाकडाकडे बघत,
दोन शब्दांना एक श्वास अशा हिशोबानं म्हणाला,
"तुम्ही मोडलंत. आता तुम्हाला
ऑफिसात पाठवतील?"

नुकसानीचा फॉर्म मीच टाइप केला, फॉर्म सगळे मीच करते.
वस्तू : एक खण. किंमत : माहीत नाही.
कारणाच्या रकान्यात जागा एका ओळीची.
लिहिलं : किल्ली मीटिंगला गेली होती.

कुलूप पुन्हा कुणी बसवलं नाही.
बसवू नका, असंही कुणी लिहून दिलेलं नाही.
अमादेओचा पंप आता त्याच्याच खिशात,
आईची सही, डॉक्टरांची सही, माझा शिक्का.
संगीताच्या बाई एका मंगळवारी येऊन बसल्या
आणि नर्सकडून सगळं शिकून गेल्या,
माझ्याकडे न बघता.
खणात सोळा पिशव्या. कुलपाच्या जागी भोक,
पहिलीतली मुलं त्यात बोट घालून बघतात.

आज बुधवार. झेंडा नारिंगी.
मी खुर्ची दाराकडे तोंड करून ठेवलीय.